क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणून गोळी बंद केलीत?

परवा सदाशिव पेठेत आत्याकडे गेले, तर तिची टेल्मिसार्टनची, म्हणजे बीपीची, गोळी बारा दिवस बंद! भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला होता: 'शुगरवाल्यांनो, क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे किडनी ठणठणीत. लघवीला फेस नाही म्हणजे प्रोटीन जात नाही. मायक्रोअल्ब्युमिनची टेस्ट ही लॅबवाल्यांची लूट. किडनी जाते ती बीपीच्या गोळ्यांनी आणि मेटफॉर्मिननं. बंद करा, जवाचं पाणी प्या.' मी चौदा वर्षं लॅबमध्ये लघवीचे नमुने तपासते. हे वाचून गप्प बसवत नाही.

फेस दिसण्याइतकं प्रोटीन जायला लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. लघवीत बुडवून रंग बघायची साधी पट्टीसुद्धा सुरुवातीची गळती पकडत नाही. आत्याच्या नमुन्यात मी स्वतः पट्टी बुडवली होती. प्रोटीनचा चौकोन पिवळाच राहिला, हिरवट झाक नाही. त्याच बाटलीतल्या लघवीचा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (हीच ती मायक्रोअल्ब्युमिनची टेस्ट; अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन) आला ७८. तो ३० च्या आत हवा. ३० ते ३०० म्हणजे किडनीची गाळणी झिरपू लागली. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा, तिचं ०.९, एकदम नॉर्मल. ते वाढू लागतं साधारण निम्मी क्षमता गेल्यावर!

पण माझा खरा संताप गोळीवरून आहे. आत्या म्हणते, "अगं, आता बीपी नॉर्मल येतंय, मग गोळी कशाला?" आत्या, ते गोळीमुळेच नॉर्मल येतंय ना! शिवाय ही गोळी किडनीच्या गाळणीतला दाबही उतरवते, म्हणून अल्ब्युमिनची गळती कमी होते. २००१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याच जातीच्या इर्बेसार्टनचा अभ्यास आला. टाइप २ डायबेटिस, बीपी आणि आत्यासारखीच सुरुवातीची गळती असलेले ५९० रुग्ण, दोन वर्षं. औषध नसलेली, नुसती नावाची गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांची गळती पुढच्या टप्प्याला गेली. रोज ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत सुमारे ५ टक्के. आणि हा फायदा नुसत्या बीपी उतरण्यानं झालेला नव्हता. मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकी हीच गोळी बंद करायला सांगितलीय.

हो, या गोळीनं सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं, पोटॅशियमही. म्हणून डॉक्टर काही दिवसांनी रक्त तपासायला सांगतात, जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी तात्पुरती थांबवतातही. पण ते ठरवणार डॉक्टर, भजनी मंडळ नाही.

मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. किडनी फारच खालावली, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज) ३० च्या खाली गेला, की ते बंद करतात, कारण औषध अंगात साठतं. जवाचं पाणी आवडत असेल तर प्या, गोळीच्या जागी नको.

लुटीबद्दल एक मान्य करते: एका रिपोर्टवरून कुणी घाबरवत असेल तर ते चूकच. ताप, लघवीचं इन्फेक्शन, आदल्या दिवशी सिंहगड चढून येणं, एवढ्यानंही आकडा वाढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने, त्यातले दोन वाढलेले असले तरच शिक्का. काहींची किडनी अल्ब्युमिन न जाताही खालावते, तेव्हा ईजीएफआरही बघावाच लागतो. टाइप २ वाल्यांनी निदान झाल्यापासून दरवर्षी दोन्ही.

आत्याचा ७८ हा दुसरा वाढलेला नमुना होता. तिच्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला, आणि रात्री जेवणानंतर तिनं माझ्यासमोर गोळी घेतली. तिच्या ग्रुपवर आता हे टाकतेय.