हरणटोळ तुमची टाळू शोधत नाहीये

पावसाळा लागला की तोच व्हिडिओ परत फिरायला लागतो. फांदीवर बोटाएवढा जाड, हिरवागार साप आणि खाली मजकूर: ‘हरणटोळ! झाडावरून उडी मारून टाळूवर चावतो, डोळे फोडतो, माणूस पाच मिनिटांत खलास. दिसताच मारा.’ यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला.

आधी उडीचं बघू. अंग चपटं करून झाडावरून तरंगत येतो तो उडता सोनसर्प. हरणटोळाचा सगळा डाव न हलण्याचा. वारा सुटला की डहाळीसारखा डुलायचं आणि सरडा टप्प्यात येईपर्यंत वाट बघायची.

डोळ्यांची गोष्ट मात्र जुनी आहे. त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘अहेटुल्ला’ सिंहलीतून आलं, अर्थ डोळे काढणारा. तमिळमध्येही हा ‘कण्कोत्ती पांबू’, डोळे टोचणारा साप. (२०२० साली पश्चिम घाटातले हरणटोळ अनेक प्रजातींत विभागले गेले; उत्तर सह्याद्रीतला आता ‘अहेटुल्ला बोरिॲलिस’. ‘अहेटुल्ला’ काही सुटलं नाही.) हा बसतो झुडपात, आपल्या तोंडाच्या उंचीवर, आणि आपण करवंदं काढायला बेधडक डोकं आत घालतो. बिचकून त्याने तोंड मारलं तर ते चेहऱ्यावरच बसणार. त्यात नेम कसला? बघण्यासारखे डोळे खरं तर त्याचेच. बाहुली आडवी, जुन्या कुलपाच्या भोकासारखी, आणि तिथून नाकाच्या शेंड्याकडे दोन्ही बाजूंना पन्हळ. त्यामुळे समोरचा सरडा दोन्ही डोळ्यांना एकदम दिसतो, अंतर अचूक कळतं.

विष आहे, नाही कोण म्हणतंय? पण हा निमविषारी. विषदंत जबड्यात मागे, भक्ष्य घट्ट धरून चावल्यावर कामाला येणारे. माणसाला सूज, वेदना, बधिरपणा. दोन-तीन दिवसांत उतरतं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी असतं, याच्यासाठी नाही. हिरवा, पण आखूड, जाडसर आणि तिकोनी डोक्याचा साप चावला असेल तर तो विषारी चापडा असू शकतो. मग थेट दवाखाना गाठा. ओळख पटत नसेल तरीही.

राहिला व्हिडिओतला ‘चवताळलेला’ साप. मान फुगलेली, खवल्यांमधून काळी-पांढरी नक्षी उघडी पडलेली, तोंड वासलेलं. घाबरलेला हरणटोळ असाच दिसतो. शेवटच्या दोन सेकंदांत उजवीकडून काठीचं टोक येतं, तेही बघा.