‘उलटा करून ठेवा, चालेल!’ : जुन्या वेस्टफालियाच्या फ्रिजबद्दलच्या सल्ल्याचा प्रतिवाद

फोक्सवॅगनची टी३ वेस्टफालिया, म्हणजे १९७९ पासून पुढे दशकभर निघालेली ती चौकोनी कॅम्पर व्हॅन, ज्यांच्याकडे आहे त्यांच्यात एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. जर्मनीत, अमेरिकेत राहणारी आपली मराठी मंडळीही आता तो एकमेकांना पाठवू लागली आहेत. सल्ला थोडक्यात असा : ‘या फ्रिजात हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे तो कधी मरत नाही. थंड होत नसेल तर बाहेर काढून दिवसभर उलटा ठेवा. तरी जमलं नाही तर आतला गॅस संपलाय, भरून घ्या. ज्योत पेटत नसेल तर जेटमधून (ज्योतीला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकातून) सुई फिरवा. आणि मुळात गॅसच्या भानगडीत पडताच कशाला? रिले (आपोआप चालणारा विजेचा स्विच) बायपास करा आणि रात्रभर १२ व्होल्टवर चालवा.’

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. पुढची सगळी त्या उरलेल्या अर्ध्यावर उभी आहेत.

‘हलणारा भाग नाही, म्हणून मरत नाही.’ हलणारा भाग नाही हे शंभर टक्के खरं. हा ॲब्सॉर्प्शन फ्रिज, म्हणजे उष्णतेवर चालणारा; ती उष्णता सिलिंडरच्या गॅसची ज्योत, घरची वीज किंवा गाडीची १२ व्होल्टची वीज यांपैकी एकाने द्यायची. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही रचना शोधली, १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने ती घेतली आणि त्याच घराण्यातून पुढे डोमेटिक निघाली. टी३ मधला आरएम १८२ मॉडेलचा फ्रिज त्याच कुळातला. हॉटेलच्या खोलीतला अजिबात आवाज न करणारा मिनीबार आठवतो? तोही बहुधा याचाच भाऊ.

आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खालच्या बॉयलरला उष्णता दिली की पाण्यात विरघळलेला अमोनिया बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो आणि ते बुडबुडेच पाण्याला वर ढकलतात. पंपाचं काम तिथेच होऊन जातं. वर अमोनियाचा द्रव होतो, तो बाष्पकात, म्हणजे गारवा तयार होतो त्या नळीत, उतरतो. तिथे हायड्रोजन असल्यामुळे अमोनियाचा स्वतःचा दाब घसरतो, तो कमी तापमानाला उडून जातो आणि जाताना फ्रिजमधली उष्णता घेऊन जातो. मग पाणी त्याला पुन्हा शोषून घेतं आणि फेरा पूर्ण होतो. उष्णता देऊन थंडावा मिळवायचा, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थापच वाटते.

पण हा सगळा संसार पोलादी नळ्यांमध्ये, वीसेक बार दाबाखाली चालतो. अमोनियाच्या पाण्याने पोलाद गंजू नये म्हणून त्यात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. बॉयलर फाजील तापला की ते क्रोमेट निकामी होतं, गंज आणि क्षार धरतात आणि बुडबुड्यांची ती बारीक नळी तुंबते. फाजील तापण्याचं नेहमीचं कारण म्हणजे गाडी उतारावर लावून फ्रिज चालू ठेवणं. सगळा द्रव नळ्यांच्या स्वतःच्या उताराच्या भरवशावर परत येतो, गाडी कललेली असली की तो वाटेतच साचतो आणि बॉयलर कोरडा भाजत राहतो. चालत्या गाडीत हा त्रास फारसा होत नाही, कारण हेलकाव्यांनी द्रव पुढे सरकतो. दोन दिवस तलावाकाठी एकाच उतारावर मुक्काम करणारा माणूस मात्र फ्रिजचं आयुष्य कमी करत असतो, आणि ते नुकसान साठत जातं. पातळी बघायची छोटी बुडबुड्याची नळी (स्पिरिट लेव्हल) फ्रीझरच्या तळावर ठेवून बघा. डॅशबोर्डवर ठेवून कळणार नाही.

‘दिवसभर उलटा ठेवा.’ आता उलटं करण्याकडे येऊ. फ्रिज आडवा करून कुठे नेला असेल आणि द्रव भलत्या नळीत शिरला असेल, तर त्याला काही तास नुसता सरळ उभा ठेवला तरी काम होतं. नळी क्षारांनी तुंबली असेल तर उलटा ठेवा, सुलटा ठेवा, काही उपयोग नाही. फिरवताना आतून गुळगुळ आवाज येतो आणि माणसाला वाटतं, सुटलं! ती फक्त द्रवाची हालचाल असते. कधी कधी थोडे दिवस फरक पडतोही, पण चाळीस वर्षांच्या गंजक्या नळ्यांना असा झटका देणं म्हणजे दाबाखालचा अमोनिया आणि हायड्रोजन स्वतःच्या अंगणात मोकळा करायची तयारी. आणि टी३ मधून हा फ्रिज काढणं म्हणजे गॅसची जोडणी सोडणं, धुराची नळी सोडणं, कपाट मोकळं करणं. एवढा खटाटोप करून परत बसवला आणि कळलं की बिघाड ज्योतीत होता, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी एकच करा. गाडी समपातळीत उभी करा, फ्रिज घरच्या विजेवर लावा आणि रात्रभर हात लावू नका. या फ्रिजला थंड व्हायला तासन्‌तास लागतात. अर्ध्या तासाने दार उघडून ‘काहीच होत नाही’ म्हणणाऱ्यांमुळे कित्येक चांगले फ्रिज भंगारात गेलेत. सकाळी फ्रीझरची पट्टी गार लागली, तर शीतयंत्रणा ठणठणीत आहे. दोष गॅसच्या बाजूला किंवा १२ व्होल्टच्या तारेत शोधा. बॉयलर तापला पण आत गारवा नाही, तर यंत्रणा गेली. बॉयलरच तापला नाही, तर हीटर मोजा : ८५ वॅटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण ६२० ओहम दाखवतो, १२ व्होल्टवर पावणेदोनच्या आसपास. आणि अपेक्षाही बेताची ठेवा. हा फ्रिज बाहेरच्यापेक्षा साधारण वीसेक अंश खाली नेतो. दक्षिण फ्रान्सच्या ऑगस्टात गाडी उन्हात उभी करून दुधाची काळजी करण्यापेक्षा सावली शोधलेली बरी.

‘गॅस संपलाय, भरून घ्या.’ हे आपल्याकडचं खास. एसीवाला येतो, घड्याळं लावतो, ‘गॅस कम है’ म्हणतो आणि भरून जातो. कॉम्प्रेसरच्या यंत्राला ते लागू पडतं. इथे भरायला तोटीच नसते. यंत्रणा कारखान्यातच कायमची वेल्ड केलेली असते. अमोनिया गळलाच तर मागे पिवळट डाग किंवा पिवळी पूड दिसते आणि वास नाकात झोंबतो. हा मुद्दा इथेच संपतो.

‘जेटमधून सुई फिरवा.’ इथे जरा थांबायला हवं, कारण ‘मेलेला’ म्हणून सांगितला जाणारा फ्रिज माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा इथेच अडलेला असतो.

टी३ मध्ये ज्योत बंद पेटीत जळते. हवा बाहेरच्या भिंतीतून येते आणि धूरही तिकडेच जातो. पेटवायची पद्धत अशी : व्हॅनच्या फरशीवर गुडघे टेकायचे, फ्रिजचं दार उघडायचं, आत मागच्या खालच्या कोपऱ्यात एक बारकी काच असते तिच्यावर डोळा ठेवायचा. गॅसचं बटण दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने तो छोटा हातपंप मारायचा म्हणजे पेटीतली कोंदट, दमट हवा निघून जाते, आणि मग ठिणगीचं बटण. काचेत निळसर उजेड दिसला की लगेच हात सोडायचा नाही. थर्मोकपल तापून काही मिलिव्होल्ट तयार होईपर्यंत, पंधरा-वीस सेकंद, बटण धरूनच ठेवायचं. तेवढ्या विजेवरच गॅसची झडप उघडी राहते. बटण सोडल्याबरोबर ज्योत विझते का? मग थर्मोकपल किंवा त्याचा मळलेला सांधा बघा. स्वस्तातली वस्तू आहे. पंप मारून मारून हात दुखला तरी पेटत नसेल, तर धुराड्यातून पडलेले गंजाचे पापुद्रे बर्नरवर बसलेत का, कोळ्याने नळीत घर केलंय का, ते पाहा.

आणि जेट? त्याचं भोक मिलिमीटरच्या अंशाएवढं, धातू मऊ पितळ. सुई घातली की भोक मोठं किंवा वेडंवाकडं होतं, ज्योत पिवळी पडते, काजळी धरते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जेट अल्कोहोलमध्ये भिजवा, उलट बाजूने हवा मारा, नाही जमलं तर नवा घ्या.

सिलिंडरच्या गॅसच्या दाबाकडे तर कोणीच बघत नाही. जुन्या जर्मन गाड्यांची उपकरणं ५० मिलीबारची, आजचा नेहमीचा रेग्युलेटर ३० चा. आपल्या घरच्या सिलिंडरचाही जवळपास तेवढाच. ५० चा जेट ३० वर चालवला की उष्णता वीस-बावीस टक्क्यांनी घटते. ज्योत दिसते निळी, फ्रिज राहतो कोमट आणि खापर फुटतं यंत्रणेच्या माथी. आकडा फ्रिजच्या पट्टीवर छापलेला असतो. गॅसच्या जोडणीला हात लागला की साबणाच्या पाण्याने सांधे तपासायचेच, आणि जर्मनीत असाल तर जी ६०७ ची, म्हणजे गाडीतल्या गॅसच्या यंत्रणेची, तपासणीही आहे. दर दोन वर्षांनी ती करणं जून २०२५ पासून सक्तीचं झालंय.

‘रिले बायपास करा.’ तो रिले वेस्टफालिया कंपनीने उगाच नाही बसवला. इंजिन चालू असेल तरच १२ व्होल्टचा हीटर चालावा म्हणून तो आहे. ८५ वॅट म्हणजे सात अँपिअर, आणि १२ व्होल्टवर या जुन्या फ्रिजांत थर्मोस्टॅट मध्ये पडत नाही, हीटर अखंड जळतो. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अर्धीच वापरायची असते, म्हणजे सात तास. रात्री आठला लावला तर पहाटे तीनला संपला, आणि ती गाडीचीच बॅटरी असेल तर सकाळी धक्का मारायला शेजारच्या तंबूतली माणसं बोलवा. सोलर पॅनेल लावू म्हणाल, तर चोवीस तासांचे होतात दोन हजार वॅट-तासांच्या वर. १०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हाळी दिवशी चार-पाचशे देतं.

उलट प्रवासात १२ व्होल्टवर ‘थंडच होत नाही’ अशी तक्रार असेल, तर हीटरच्या टोकांवर चालू स्थितीत व्होल्टेज मोजा. जुन्या बारीक तारेत दीड व्होल्ट गळून १२ चे साडेदहा झाले, की व्होल्टेज घटतं आठवा हिस्सा पण उष्णता घटते जवळजवळ पाव हिस्सा, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. ६ चौरस मिलिमीटरची तार ओढा, सांधे घासा. ‘गॅस आणि वीज दोन्ही एकदम लावली की दुप्पट गार’ हेही कोणीतरी सांगेलच. ऐकू नका, बॉयलर जळेल.

सगळं करून यंत्रणाच गेलेली निघाली, तर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवणं शहाणपणाचं आहे. त्याला दिवसाला तीन-चारशे वॅट-तास पुरतात आणि उताराशी देणंघेणं नसतं. मात्र गॅसवरचा फ्रिज दिवसाला पाव किलोच्या आसपास गॅसवर आठवडाभर एका जागी, विजेशिवाय, आवाज न करता चालतो, ते सुख गमवाल. जुना काढलात तर मागच्या नळ्या कापू नका, भंगारवाल्यालाही कापू देऊ नका; अख्खा फ्रिज कचरा केंद्रावर द्या. पिवळी पूड सांडलेली दिसली तर हातमोजे घाला, ओल्या फडक्याने टिपा, ते फडकंही फ्रिजबरोबर द्या. झाडू मारू नका, ती पूड म्हणजे ते क्रोमेटच, श्वासात गेलं तर कर्करोगाला कारण होऊ शकतं.