खुलासा : रात्री घरी सोडणाऱ्या पोलीस गाडीचा मेसेज

‘रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत एकट्या बाईने 1091 किंवा 7837ने सुरू होणाऱ्या मोबाइलवर फोन करावा, पोलीस देशात कुठेही मोफत घरी सोडतील’ हा मेसेज परवा मीही आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. चूक माझी, न तपासता ढकलला.

तो मोबाइल नंबर पंजाबातल्या लुधियाना पोलिसांचा आहे. हैदराबादच्या डॉक्टर तरुणीवरच्या बलात्कार-खुनाच्या घटनेनंतर डिसेंबर 2019 मध्ये त्यांनी ही सोय जाहीर केली, ती त्यांच्या शहरापुरती. पुढे कुणीतरी शहराचं नाव गाळलं आणि मेसेज देशाचा झाला. तेव्हाच्या बातम्या काढून वाचल्यावर हे कळलं. त्याच सुमारास नागपूर पोलिसांनीही रात्री 9 ते पहाटे 5 अशी सोय सुरू केली होती, पण त्यासाठी हा मोबाइल नंबर नव्हता. म्हणजे कल्पना खोटी नाही, पत्ता चुकलाय.

आता विचार करा, शेवटच्या लोकलने डोंबिवलीला उतरलेली मुलगी, बाहेर रिक्षा नाही, मोबाइलची बॅटरी 4 टक्के. त्यातला एक फोन पंजाबात लागला तर?

अडचणीत 112 हा आणीबाणीचा नंबर लावा. महाराष्ट्रातही तो चालतो. 1091 ही महिला हेल्पलाइन आहे, पण म्हणून घरपोच गाडी येईलच असं धरून निघू नका. तशी सोय आपल्या शहरात आहे का, हे पोलीस ठाण्यात दिवसाउजेडी विचारून ठेवा.

जुना मेसेज मी डिलीट केलाय. तुम्ही पुढे पाठवला असेल तर तिथे हा टाका, आणि तो पाठवणं थांबवा.