'गाडीत काहीही बदललं की गुन्हा' हा मेसेज अर्धवट आहे, एकेक मुद्दा बघू

एक मेसेज थोड्या थोड्या दिवसांनी परत फिरायला लागतो. सुप्रीम कोर्टाने २०१९ ला गाडी मॉडिफाय करण्यावर सरसकट बंदी घातली, टायर, अलॉय व्हील, म्युझिक सिस्टम काहीही बदललं तरी ५,००० दंड आणि जेल, वॉरंटी गेली, इन्शुरन्स गेला, आणि शेवटी ठरलेला प्रश्न, कंपनीच्या इंजिनिअरपेक्षा तुम्ही जास्त शहाणे का? हे वाचून नवीन पोरं साधा रिव्हर्स कॅमेरा लावायलाही घाबरतात, म्हणून राहवलं नाही.

आधी कोर्टाचं. ९ जानेवारी २०१९ चा तो निकाल केरळमधल्या प्रकरणातला आहे. हायकोर्टाने राज्याच्या नियमांच्या आधारावर गाडीच्या स्ट्रक्चरमध्ये बदल चालतील असं म्हटलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. आधार होता मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि त्या कलमातच लिहिलंय की बदल म्हणजे स्ट्रक्चरमधला असा बदल ज्याने गाडीचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. आता सांगा, सीट कव्हर, स्पीकर, कॅमेरा यातलं काय स्ट्रक्चरमध्ये येतं? छत कापणं, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) वाढवणं, बॉडीचा प्रकारच बदलणं हे येतं आणि ते बंदच आहे, बरं झालं बंद आहे. रंग बदलायचा तर आरटीओला सांगून आरसीवर (गाडीच्या नोंदणी पुस्तकावर) नोंद करून घ्यायची, सीएनजी बसवायचं तर त्याच गाडीसाठी मंजूर झालेलं किट, अधिकृत सेंटर आणि परत आरसीवर नोंद, शिवाय सिलेंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने मजबुती तपासणं. म्हणजे रस्ता आहे, फक्त तो आरटीओतून जातो.

दंडाचा आकडा मात्र खरा आहे. कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्यात मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये किंवा दोन्ही. पण मेसेजवाल्यांनी 'परवानगी नसलेला' हेच शब्द खाल्लेत, आणि सगळा अर्थ त्यातच आहे ना.

आणि जे चालत नाही ते चालत नाहीच, त्यात मी कोणाची बाजू घेणार नाही. आवाज करणारा सायलेन्सर, काळी फिल्म (काचेतून पुढेमागे किमान ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे), पुढचं लोखंडी बुलबार, त्याबद्दल तर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. पायी चालणाऱ्याला त्या बारने काय होतं याचा विचार करा, बास.

वॉरंटीचा मुद्दा अर्धा खरा. सगळी वॉरंटी आपोआप जात नाही, पण जो भाग तुम्ही छेडला आणि त्यामुळे जे बिघडलं त्याचा क्लेम कंपनी नाकारू शकते, म्हणून वॉरंटीचं पुस्तक आधी वाचा. सगळ्यात जास्त भांडणं वायरिंगवरून होतात. वायर सोलून, जोड मारून, वर टेप गुंडाळलेली असेल तर सर्व्हिस सेंटरवाला लगेच बोट दाखवणार, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबरच असतं. त्याच गाडीचा कपलर, म्हणजे थेट बसणारा तयार प्लग मिळतो, थोडे पैसे जास्त जातात, पण कंपनीची वायर कापावी लागत नाही. इंजिन रीमॅप केलं, म्हणजे ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदललं, तर मात्र इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर विसंबू नका.

इन्शुरन्सचं तर सोपं आहे, सांगायचं. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी पॉलिसीत वेगळं कव्हर घेता येतं, प्रीमियम साधारण वस्तूच्या किमतीच्या चार टक्के, म्हणजे ४०,००० ची सिस्टम असेल तर वर्षाला १,६०० च्या आसपास. लपवलं की क्लेमच्या वेळी अडकणार, आणि तेव्हा मॉडिफिकेशनला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

आता तो इंजिनिअरवाला प्रश्न, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. इंजिनिअर हुशारच असतात, पण बेस मॉडेल किमतीच्या हिशोबाने निघतं. २०१८ ची स्विफ्ट घ्या, खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर१४ टायर, वरच्याला १८५/६५ आर१५ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम किती इंची). गणित करून बघा, पहिल्याचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५, म्हणजे स्पीडोमीटरला फरक पडलेला कळणारही नाही आणि रस्त्यावर टेकणारा टायर मात्र रुंद झाला. बेसवाल्याने हा साइज टाकला तर तो कंपनीचाच हिशोब वापरतोय, फक्त लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग (टायर किती वजन आणि किती वेग झेलतो ते) खाली येऊ देऊ नका. याच गाडीला कोणी दिसायला भारी म्हणून २०५/६५ आर१६ घातला तर व्यास ६७३ होतो, काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०८ च्या पुढे असते, पिकअप मरतो, वळताना टायर फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) घासतो. दोन्हीला आपण टायर अपसाइज म्हणतो पण एक विचार करून केलेलं आहे, दुसरं नाही. मायलेज रुंद टायरने थोडं कमी होतं हे खरंय, ते मान्य करूनच घ्यायचं.

हेडलाइटचंही तसंच. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॅलोजनचा करंट थेट स्विचमधून, बारीक वायरीतून जातो, त्यामुळे बॅटरीवर १४ व्होल्ट असले तरी बल्बच्या पिनेवर मोजले तर बरेच कमी भरतात, आणि व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळपास ३० टक्के पडतो. लोक मग हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घुसवतात, तो रिफ्लेक्टर बनलेला असतो फिलामेंटच्या जागेनुसार, उजेड फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. त्यापेक्षा कंपनीचाच ६०/५५ वॅटचा बल्ब ठेवा आणि रिले (स्विचऐवजी स्वतःमधून जास्त करंट नेणारा छोटा इलेक्ट्रिक स्विच) टाकून हेवी वायरिंग करून घ्या. फ्यूज बॅटरीच्या जवळच लावायला सांगा, अर्थिंगची वायर नीट घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर घ्या, आणि काम झालं की गाडी भिंतीसमोर उभी करून बीमची उंची तपासूनच बाहेर काढा.