दारा हत्तीवरून उतरला म्हणून हरला? लढाई त्याआधीच हातची गेली होती

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या भाचीने एक फॉरवर्ड पाठवला आणि विचारलं, "मामा, हे उत्तरात लिहू का?" मजकूर असा: शाहजहानच्या मुलांत तख्तासाठी झालेल्या लढाईत, आग्र्याजवळच्या सामुगढला, थोरला दारा शुकोह जिंकतच आला होता, त्याच्याच फौजेतल्या फितूर सरदार खलीलुल्लाखानाने त्याला हत्तीवरून खाली उतरवलं, फौजेला वाटलं दारा पडला, आणि तख्त औरंगजेबाकडे गेलं. शिवाय, थोरला म्हणून तख्त दाराचंच; त्याला लढाई ठाऊकच नव्हती; आणि तो जिंकता तर स्वराज्याची गरजच पडली नसती. नको लिहूस, बाई. परीक्षकाला हत्ती नको असतो, कारणं हवी असतात.

आधी हत्तीचंच बघू. दाराने चंबळेचे धोलपूरकडचे उतार तोफा लावून अडवले होते. चंपतराय बुंदेल्याच्या मदतीने औरंगजेब तिथून बऱ्याच पूर्वेला, उथळ पाण्यातून नदी उतरला. काठावरचा सगळा बंदोबस्त वाया गेला. आग्रा वाचवायचं म्हणून दारा घाईने मागे फिरला आणि काही जड तोफा नदीकाठीच सोडाव्या लागल्या.

२८ मे १६५८ ला औरंगजेबाची फौज कोरड्या वाटेने दमून सामुगढला पोचली. हल्ला करायचा तर त्याच दिवशी. दाराने फौज मांडली आणि नुसती उभी ठेवली. मे महिन्याचं आग्र्याचं ऊन, अंगावर चिलखत, प्यायला पाणी नाही. माणसं आणि घोडी जागच्या जागी कोसळली. संध्याकाळी सगळे छावणीत परतले. औरंगजेबाच्या लोकांना रात्रभर विसावा मिळाला.

दुसऱ्या दिवशी दाराच्या तोफा फार लांबून धडधडू लागल्या. धूर झाला, दारू संपली, समोर नुकसान जवळजवळ नाही. औरंगजेबाने आपला मारा राखून ठेवला. दाराचा सरदार रुस्तमखान डाव्या बगलेचं घोडदळ घेऊन भरल्या तोफांवर गेला आणि मारला गेला. मग दारा स्वतः मधली फळी घेऊन आपल्याच तोफांच्या पुढे गेला! आपलीच माणसं पुढ्यात, म्हणजे गोलंदाजांनी हात आवरायचे. या एका चालीने त्याने स्वतःचा तोफखाना गप्प केला.

दाराच्या बाजूच्या राजपुतांनी मात्र शर्थ केली. रामसिंह राठोड औरंगजेबाच्या बाजूने लढणाऱ्या भावाच्या, मुरादच्या हत्तीपर्यंत भिडला आणि पडला. बुंदीचा राव छत्रसाल हाडा पडला. रूपसिंह राठोड घोड्यावरून उतरून औरंगजेबाच्या हत्तीखाली शिरला आणि हौद्याचे पट्टे तलवारीने कापू लागला. तिथेच त्याचे तुकडे झाले. हे सगळे पडले, बगला मोडल्या, हौद्याच्या आसपास गोळे येऊ लागले, तेव्हा दारा उतरून घोड्यावर बसला. रिकामा हौदा दिसताच उरलेली फौज पळाली, हे खरं आहे, तेवढं मान्य. पण ते शेवटचं पान होतं.

फितुरीची गोष्ट रंगवणारा फ्रेंच प्रवासी बर्नियर त्या दिवशी मैदानात नव्हता. इटालियन मनुची दाराच्या तोफखान्यात होता आणि तोही खलीलुल्लाखानालाच दोष देतो. पण त्याने लिहिलं कितीतरी वर्षांनी, खान औरंगजेबाला मिळाल्यानंतर. फारसी साधनं ताडून इतिहासकार जदुनाथ सरकारांनी लढाईचा जो क्रम लावला आहे तो वाचावा. त्यात खानाचं घोडदळ मुरादवर तुटून पडलेलं दिसतं.

बाकीचं पटकन. थोरल्याचा हक्क मोगलांत नव्हताच. शाहजहानने दाराला वारस ठरवलं होतं हे खरं, पण शाहजहान स्वतः बापाविरुद्ध उठला होता आणि १६२८ मध्ये भावाला, पुतण्यांना मारवून तख्तावर बसला. दारा अनुभवात कमी पडला, हेही अर्धं खरं. १६५३ मध्ये तो कंदाहारच्या वेढ्यातून हात हलवत परतला. पण त्याच कंदाहारपुढे औरंगजेब १६४९ आणि १६५२ असा दोनदा हरला होता. फरक फौजेत होता: दाराची चांगली पथकं मुलगा सुलेमान शुकोहबरोबर पूर्वेला दुसऱ्या भावाच्या, शुजाच्या पाठीवर गेली होती, ती वेळेत परतली नाहीत.

आणि स्वराज्य? शिवाजी महाराजांनी जुन्नर लुटलं एप्रिल १६५७ अखेर, कल्याण-भिवंडी घेतली ऑक्टोबर १६५७ मध्ये. सामुगढ त्यानंतर सात महिन्यांनी झालं.