कंबर धरली म्हणून 3 महिने खाटेवर? कुणी सांगितलं बे?

"मणक्यातली गादी सरकली की 3 महिने झोपून राहा, पट्टा चोवीस तास, दुखणं पूर्ण जायच्या आत कामावर गेलात तर लकवा ठरलेला." हा मेसेज फिरत फिरत आमच्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी तो मनावर घेतलाय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर (मागावर) असतात, बीम म्हणजे सुताचा जड रूळ चढवताना कंबर धरली, डॉक्टरनी नीट तपासलं, पायात काही नाही, हिंडाफिरा म्हणाले, तरी माणूस खाटेवरून उठेना. काम नाही तर पगार नाही, घर सगळं मामीच्या विड्यांवर. मेसेज लिहिणारा पाठवणारे का पैसे?

झोपून राहायचंच घ्या. 1995 ला हेलसिंकी महापालिकेच्या 186 कामगारांवर अभ्यास झाला, अशीच अचानक धरलेली कंबर. काहींना 2 दिवस झोपवलं, काहींना व्यायाम दिले, बाकीच्यांना सांगितलं झेपेल तसं रोजचं चालू ठेवा. रोजचं चालू ठेवणारे लवकर सावरले, सुट्ट्याही कमी पडल्या, आणि सगळ्यात हळू बरे झाले ते झोपलेले. 2 दिवसांत हे, आणि हा शहाणा 3 महिने सांगतोय! पडून पडून स्नायू ढिले पडतात, भीती वाढते, आणि जितके दिवस घरी जातील तितकं परत कामाला लागणं अवघड होतं.

एमआरआयत गादी फुगलेली दिसली म्हणून घाबरायचं तर काहीच न दुखणाऱ्या विशीतल्या पोरांतही दहात तिघांची तशी दिसते. पट्ट्याचं म्हणाल तर जुनाट कंबरदुखीत तो सरसकट वापरू नका असं डब्ल्यूएचओनेच 2023 ला सांगितलंय.

लकव्याचं थोडं खरं आहे, नाही कशाला म्हणू. लघवी अडली किंवा कळेना झाली, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पण तेही कामावर गेल्यामुळे होत नाही, आणि असं फार कमी जणांना होतं.

पूर्ण बरं होईपर्यंत थांबायचं नसतं, कामच थोडे दिवस बदलून घ्यायचं असतं. बीम उचलणं बंद, वाकून कंबरेला पीळ देणं बंद, सुरुवातीला अर्धी पाळी, टॉवेलच्या घड्या नाहीतर चेकिंग, मधेमधे उठबस, मग हळूहळू लूमवर. जॉबरला, म्हणजे लूमवरच्या मुकादमाला, विचारलं तर तो लगेच हो म्हणाला. अडलंय मालकापाशी, "शंभर टक्के फिट झाल्यावरच पाठवा" म्हणतोय, त्याच्याकडेपण तोच मेसेज आलाय.