विहिरीत उतरण्याआधी तो मेसेज डिलीट करा

आठ दिवसांपासून एक मेसेज आपल्या भागातल्या ग्रुपवर फिरतोय. काल तो माझ्या मामेभावाकडे आला. तो उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढतो आणि याच आठवड्यात दोन वर्षं बंद असलेल्या एका विहिरीत उतरणार आहे. मेसेज त्याला पटलाय, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मेसेज थोडक्यात असा: जुन्या इहिरीतल्या साती आसरा (पाण्यातल्या सात देवता) अमावस्येला बळी घेतात. रात्री त्यांचं किंचाळणं ऐकू येतं. एक गेला की त्याच्यामागं दोघा-तिघांना ओढतात. उतरण्याआधी कंदील सोडा. विझला तर आसरा रागावल्या समजा, नारळ-लिंबू द्या, कंदील पुन्हा पेटवा आणि तोंडाला ओला दुपट्टा बांधून उतरा. वर काढलेल्या माणसाला भगताकडं नेऊन मिरचीची धुरी द्या.

काठावरच्या शेंदूर लावलेल्या सात दगडांना नारळ फोडायला कोणाची हरकत नाही. पण कंदिलाचं जे सांगितलंय ते सरळ जीव घेणारं आहे.

कंदील सोडायची रीत चांगली आहे, हे मान्य करावं लागतं. आपल्या आजा-पणजांनी ती उगाच पाळली नाही. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. बंद विहिरीत पालापाचोळा, मेलेली जनावरं कुजतात. त्यात ऑक्सिजन खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून तळाशी बसतो. वारा तिथं पोचत नाही. म्हणजे कंदील विझला तर विहीर उतरू नको सांगतेय, आणि हा मेसेज म्हणतो नारळ देऊन उतरा! नारळानं तळातली हवा तसूभरही हलत नाही. वर काठावर कंदील पुन्हा पेटणारच, तिथं हवा चांगली आहे.

आणि कंदील तळापर्यंत पेटता राहिला तरी विहीर सुरक्षित ठरत नाही. कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास ‘गेला’ असं वाटतं. हवेच्या हजारात एक भाग इतका तो असला तरी माणूस जागेवर कोसळतो, ज्योतीला मात्र काही होत नाही. गाळ फावड्यानं ढवळला की तो एकदम सुटतो, म्हणून उतरताना ठीक असलेला माणूस दहाव्या टोपल्याला पडतो. पाणी उपसायला डिझेल इंजिन आत सोडलं असेल तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. त्याला वासही नाही, रंगही नाही. नव्या विहिरीत सुरुंग उडवल्यावर तोच वायू तळाशी कोंडतो. आणि कुजण्यातून मिथेन साचला असेल तर पेटता कंदीलच भडका करील.

एकामागून एक तिघं जातात, हे खरं आहे. पण का जातात? पहिला पडलेला दिसतो, वरचा भाऊ नाहीतर बाप दोराला धरून सरळ खाली जातो आणि त्याच हवेत दोन श्वास घेतो. ऑक्सिजन ६ टक्क्यांच्या खाली असेल तर दोन श्वासांत शुद्ध जाते, ओरडायलाही वेळ मिळत नाही. ‘आवाज न करता ओढला’ म्हणतात ते हेच. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या ‘नायोश’ या सरकारी संस्थेनं १९८६ साली बंदिस्त जागांतल्या मृत्यूंबद्दल इशारा दिला होता: मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते. तिथल्या टाक्यांत आणि गटारांत कोणत्या आसरा होत्या?

अमावस्येचा संबंध नाही. आभाळाचा मात्र थोडा आहे. मृगाआधी ढग दाटून हवेचा दाब उतरतो, तेव्हा मुरूम-मातीच्या भेगांत कोंडलेला वायू विहिरीत बाहेर येतो. काल उतरलो होतो म्हणून आज चालेल, असं धरू नये. ओला दुपट्टा धूळ अडवतो, वायू नाही. रात्रीचं किंचाळणं बहुतेक वेळा गव्हाणी घुबडाचं असतं. ते विहिरीच्या कपारीत राहतं.

आता करायचं काय? १२ फूट व्यासाची, ४० फूट खोल कोरडी विहीर म्हणजे साधारण ४५०० घनफूट हवा. कूलरचा पंखा काठावर ठेवून ती हलत नाही. ब्लोअरला प्लास्टिकची नळी जोडून तोंड तळापासून दोन-तीन फुटांवर सोडा. मिनिटाला ५०० घनफूट हवा देणाऱ्या ब्लोअरला एकदा हवा बदलायला नऊ मिनिटं लागतात आणि जुनी-नवी हवा मिसळत राहते, म्हणून निदान तासभर चालवा. माणूस आत असेपर्यंत बंद करू नका. ब्लोअर इंजिनवर असेल तर त्याचा धूर नळीत ओढला जाणार नाही, असा वाऱ्याच्या बाजूनं ठेवा. वेल्डिंगचा ऑक्सिजन सोडू नका, ठिणगीला कपडे पेटतात. कडुनिंबाची फांदी दोराला बांधून वर-खाली मारतात, तेवढ्यावर भागत नाही. चार वायू मोजणारा मीटर भाड्यानं मिळाला तर तो दोराला बांधून आधी तळापर्यंत सोडा. पाण्याच्या मोटारीचा फ्यूज काढून खिशात ठेवा, म्हणजे ती कोणी चालू करणार नाही. उतरणाऱ्याच्या छाती-मांड्यांना पट्टा, त्याचा दोर यारीला (गाळ वर ओढायच्या यंत्राला) किंवा चाकाला, आणि वर ओढायला तिघं. तो बोलायचा थांबला की ओढायचं. खाली कोणी जायचं नाही. ११२ आणि १०८ लावा.

वर काढलेला श्वास घेत नसेल तर उताणा झोपवून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब द्या, १०८ येईपर्यंत. त्याच्या फुप्फुसाला त्या घडीला फक्त ऑक्सिजन हवा असतो, आणि मेसेजवाला तिथं मिरचीचा धूर भरायला सांगतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मिरचीची धुरी देणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पुढं पाठवणाऱ्यांनी तेवढं कलम एकदा वाचावं. मामेभावाच्या विहिरीवर उद्या ब्लोअर येतोय.